कुठल्याच वार्डात नसलेला कचरा

सुभेदारसाहेबांना नोटीस माझ्यामुळे आली, हे आधीच सांगून टाकतो.

सुभेदारसाहेब म्हणजे आमचे शेजारी. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या आमच्या गल्लीत आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यांचे पूर्वज दख्खनमधून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले, आणि आमचे पूर्वज दफ्तर सांभाळायला. दोन्हींकडची ऐट केव्हाच संपली होती. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मी सरकारी ड्राफ्ट्समन म्हणून. आयुष्यभर मी नकाशे काढले: रस्ते, नाले, वार्डांच्या हद्दी.

आमच्या घरांच्या मागे नाल्याच्या काठाला एक मोकळा तुकडा आहे. तिथे गल्लीतला कचरा पडायचा आणि रोज सकाळी पेटायचा. थंडीत तो धूर वर जायचाच नाही, खिडकीशी येऊन बसायचा. सुभेदारसाहेबांना दमा. सकाळी आम्ही चहा घेत असताना भिंतीपलीकडून त्यांच्या श्वासाची शिट्टी ऐकू यायची. शिट्टी थांबली की बायको कप खाली ठेवायची, आणि पुन्हा सुरू झाली की उचलायची.

त्याच सुमारास शहरातल्या वार्डांची नव्याने मांडणी झाली. काही वार्ड एकमेकांत मिसळले, काहींचे तुकडे झाले, आणि तक्रारींसाठी मोबाइलवर एक अॅप आलं. फोटो काढा, पाठवा, कचरा गायब. बायकोने ते लगेच उतरवून घेतलं. आमच्या घरात फोन तिला येतो, मला तो फक्त ऐकू येतो.

आम्ही दोघं त्या जागेवर गेलो. तिने जळत्या ढिगाचा छान फोटो काढला. फोनवर अक्षरं आली: ‘यह स्थान किसी वार्ड में नहीं है। कृपया मान्य स्थान पर जाएँ।’

“अहो, मान्य स्थान म्हणजे कुठे जायचं?” तिने विचारलं.

“मागे सरक जरा.”

ती फोन समोर धरून एकेक पाऊल मागे सरकत गेली. मी तिच्या पाठीमागे, ती नाल्यात पडू नये म्हणून. सरकत सरकत आम्ही सुभेदारसाहेबांच्या मागच्या पायरीपर्यंत पोचलो, तेव्हा कुठे फोन खूश झाला. मी तिच्या बाजूला उभा राहिलो, तिने फोटो काढला, तक्रार गेली. पायरीवरून ढीगही नीट दिसत होता. आम्ही समाधानाने घरी येऊन पोहे खाल्ले.

आठवड्याने सुभेदारसाहेब हातात कागद घेऊन दारात उभे. आपल्या आवारात कचरा जाळला जात असल्याचं आढळलं आहे, तीन दिवसांत खुलासा करावा. वर त्यांच्याच पायरीवरून काढलेला फोटो, आणि फोटोच्या कोपऱ्यात पायरीची कड आणि माझी चप्पल.

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “ही चप्पल मी ओळखतो.”

मी सगळं सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

“म्हणजे धूर मी खायचा, आणि जबाब पण मीच द्यायचा,” असं म्हणून ते निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. शिट्टी मात्र ऐकू येत होती, आणि आता ती मला उद्देशूनच आहे असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच त्या तुकड्यावर गेलो. गल्ली झाडणाऱ्या बाई काडी ओढत होत्या. मी विचारलं, हे जाळता कशाला, गाडी येते ना?

“बाबूजी, गाडी में मशीन लगी है,” त्या म्हणाल्या. “जहाँ मशीन बोले, वहीं रुकती है। यहाँ मशीन चुप रहती है। अब बताओ, ये सब मैं अपने घर ले जाऊँ?”

 त्यांनी ढीग पेटवला आणि पदर नाकाला लावला. त्याही खोकत होत्याच.

मग मी वार्ड ऑफिसात गेलो. नव्या मांडणीत दोन वार्डांची ऑफिसं एकाच खोलीत आली होती. खोलीत एक टेबल, टेबलामागे एक बाबू. त्यांनी संगणकात बराच वेळ पाहिलं आणि अगदी सौजन्याने सांगितलं की ही जागा दुसऱ्या वार्डात येते.

“तिथले बाबू कुठे भेटतील?”

“लंच के बाद आइए। यहीं बैठते हैं।”

जेवणाच्या सुट्टीनंतर गेलो, तर तेच बाबू, तीच खुर्ची. टेबलावरची पाटी फक्त उलटी फिरवलेली. मी म्हटलं, अहो, सकाळी तुम्हीच तर...

“सुबह मैं उस वार्ड में था,” ते शांतपणे म्हणाले, आणि पुन्हा संगणकात पाहून त्यांनी सांगितलं की ही जागा सकाळच्या वार्डात येते. चेष्टा करत नव्हते ते. दोन्ही वार्डांचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं, आणि दोन्हींशी त्यांना प्रामाणिक राहायचं होतं.

मी विनंती केली की दोन्ही नकाशे एकदम दाखवा. त्यांनी कचरत दाखवले. पडद्यावर दोन हद्दींच्या मधे एक पांढरी चीर होती, माशाच्या आकाराची. ती पाहिली आणि माझे कान तापले.

नव्या मांडणीतही इथल्या दोन्ही रेषा जुन्याच होत्या, म्हणजे माझ्या. पूर्वी त्या तुकड्यावर डबकं होतं. एका वार्डाचा नकाशा मी भर उन्हाळ्यात काढला, तेव्हा डबकं आटत आलेलं होतं. दुसरा काढला पावसाळ्यात, तेव्हा ते तुडुंब. दोन्ही वेळा हद्द पाण्याच्या काठाने नेली, दोन वेगळ्या काठांनी, आणि मधला पट्टा सुटला. साहेबांनी सही केली, कुणाचंच बिघडलं नाही, कारण झाडणाऱ्यांना आणि गाडीवाल्यांना जागा ठाऊक होती. मशीनने मात्र माझी रेष जशीच्या तशी खरी मानली. इतका विश्वास माझ्यावर नोकरीत कुणी ठेवला नव्हता.

“ही चूक माझी आहे,” मी म्हणालो. “मी आत्ता दुरुस्त करून देतो.”

बाबू उठून उभे राहिले, मला पाणी दिलं. पण निवृत्त माणसाची दुरुस्ती चालत नाही. चालतो तो नागरिकांचा सुझाव. अॅपवर पंचवीस नागरिकांनी पाठिंबा द्यायचा, आणि प्रत्येकाने त्या जागेवर उभं राहूनच.

घरी येताना सरळ सुभेदारसाहेबांच्या दारात गेलो आणि डबक्याची हकीकत सांगितली. त्यांनी एकदा माझ्या चपलांकडे पाहिलं. मग हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू. वहिनींनी वाफाऱ्याचं पातेलं आणलं.

“इतनी सी बात!” ते म्हणाले. “भरती माझ्यावर सोडा.”

रविवारी सकाळी त्यांनी सगळी गल्ली त्या तुकड्यावर रांगेत उभी केली. गळ्यात मफलर, हातात फोन. बायको एकेकाचा फोन तपासत पुढे जायची आणि सुभेदारसाहेब मागून “सीधे खड़े रहो” म्हणत यायचे. झाडणाऱ्या बाई काडेपेटी घेऊन आल्या, गर्दी पाहून थांबल्या. त्यांच्याकडे फोन होता. पंचविसावा पाठिंबा त्यांचाच. त्या दिवशी तिथे काही पेटलं नाही, कारण पेटवायला जागाच उरली नव्हती.

महिन्याभराने फोनवर अभिनंदन आलं. जागा नकाशावर चढली. फक्त कुठल्या तरी आकड्याची गफलत होऊन ती थाटीपुरच्या वार्डात चढली. शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी पुन्हा अर्ज लिहायला बसलो, तर बायकोने पेन काढून घेतलं. “आधी उद्या काय होतं ते बघा.”

दुसऱ्या दिवशी गाडी आली. रोज येऊ लागली. सगळं शहर ओलांडून, एका गल्लीसाठी, भोंग्यावर गाणं वाजवत. मशीन आमच्या इथे बोलायला लागली होती. झाडणाऱ्या बाई ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करून वाट बघत उभ्या राहायच्या. धूर थांबला. सुभेदारसाहेबांचा दमा काही गेला नाही, पण सकाळचा चहा आम्ही कप खाली न ठेवता प्यायला लागलो.

एक भानगड राहिली. नकाशावर चढताना माशाची शेपटी सुभेदारसाहेबांच्या पायरीपर्यंत लांबली होती, त्यामुळे त्यांचं घरही थाटीपुरात गेलं. नोटिशीचा अजून राहिलेला खुलासा त्यांना आता तिथल्या ऑफिसात द्यायचा होता. मी म्हटलं, मी बरोबर येतो, चूक माझी आहे. गाडीचा ड्रायव्हर ऐकत होता. “बैठ जाओ, बाबूजी, वहीं तो जा रहा हूँ।”

सुभेदारसाहेबांनी ठेवणीतला कोट आणि टोपी घातली. मी मधे बसलो, ते खिडकीशी. इंदरगंजच्या चौकात गाडी अडकली, भोंगा चालूच होता. भोंगा ऐकून एका दुकानातून एक बाई डबा घेऊन धावत आल्या. ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं. सुभेदारसाहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढून डबा घेतला, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, गीला-सूखा अलग करके लाइए।”

बाई डबा घेऊन परत गेल्या. आम्ही थांबलो.