धानोऱ्याच्या शिबिरात माय

मी गाव सोडलं त्या दिवशी एसटी उशिरा आली. कुसुमटोल्याला स्टँड असा नव्हताच; धानोऱ्याच्या रस्त्यावर मोहाच्या झाडाखाली उभं राहायचं आणि गाडी दिसली की हात करायचा. लग्नाला चार दिवस झाले होते. नवरा, सुधाकर, चंद्रपूरच्या वीज केंद्रात ज्युनिअर इंजिनिअर. आमच्या वस्तीत असा जावई कुणाला मिळाला नव्हता, म्हणून अख्खी वस्ती रस्त्यावर आली होती. बाबा माझ्या पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून उभे होते. गाडी हलली तशी माय खिडकीशी धावली आणि म्हणाली, "नीट राहजो वो पोरी. सायबीन झाली म्हून उपासी नोको राहू." पण ती माझ्या नाही, पुढच्या खिडकीशी गेली होती. तिथे जंगलखात्याचा एक गार्ड बसला होता. तो बिचारा "हो, हो" म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं, डोळे भरल्यामुळे तिला दिसत नसेल.

आता चाळीस वर्षं होत आली. त्या रस्त्यावरून माझ्यानंतर किती जणी गेल्या, किती जणी तिथेच राहिल्या. ज्या गेल्या त्यांना यातलं बरंच सांगावं लागणार नाही. ज्या राहिल्या त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे, कारण त्यांना वाटतं की गेलेल्या बायकांचं सगळं छान झालं.

नागपूरला वसतिगृहात राहून मी बी.ए. केलं होतं, पण ते जाणं खरं नव्हतं; दिवाळीत, उन्हाळ्यात परत यायचंच असायचं. चंद्रपूरला गेले ती कायमची. तेव्हा आमचा गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, पंखा, नळ, गॅस. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर कोळशाची काळी भुकटी बसायची. सुधाकरची पाळी आठ-आठ तासांची, कधी त्यावर आणखी चार. तो चांगला माणूस, पण घरी आला की झोपायचा. मी दिवसभर ओटा पुसायची. गावात दार उघडं असायचं आणि कुणी ना कुणी "काय करून राह्यली वो?" म्हणत आत शिरायचं. कॉलनीत दारावरची घंटा वाजली तर दूधवाला, नाहीतर चुकून आलेला माणूस.

पहिल्याच महिन्यात शेजारणीकडे विरजण मागायला गेले आणि बोलून गेले, "मले थोडं द्याल का?" तिची मोठी मुलगी आतून "मले, मले" करत हसली. शेजारीण तिला रागावली, मला दोन चमचे जास्तच दही दिलं. पण त्या दिवसापासून मी बोलण्याआधी प्रत्येक शब्द तपासायला लागले. मले नाही, मला. काऊन नाही, का. पानी नाही, पाणी. सहा महिन्यांत जमलं. इतकं जमलं की रिकाम्या घरात स्वतःशी बोलतानाही मी तसंच बोलायला लागले.

मग सुधाकरच्या साहेबांनी त्याला एका सेवा क्लबचं सभासद करून घेतलं. शहरातले डॉक्टर, वकील, कापडाचे व्यापारी, कोळशाचे ठेकेदार, वीज केंद्रातले अधिकारी असा तो क्लब. पुरुषांच्या सभा, भाषणं, कोटाला पिन. बायकांसाठी तंबोला, पाककृतींच्या स्पर्धा, संक्रांतीचं हळदीकुंकू. हळदीकुंकवाला मी जायची, वाण घ्यायची आणि घरी आले की कपाळ धुऊन टाकायची; आम्ही बौद्ध, आमच्या घरी हळदीकुंकू नव्हतंच. अध्यक्षांची बायको, सबनीसबाई, उंच, खणखणीत आवाजाची आणि कामाला वाघ. माझं अक्षर बघून त्यांनी मला पत्रिका लिहायला, नोंदी ठेवायला बसवलं. कुणाला तरी माझा उपयोग आहे, याचंच मला अप्रूप वाटलं.

"माहेर कुठलं गं तुझं?" त्यांनी एकदा विचारलं.

"नागपूर," मी म्हणाले.

"आईवडील तिथेच?"

"हो. भावाकडे."

का बोलले, कुणास ठाऊक. आडनावावरून जे कळायचं ते सगळ्यांना कळलेलंच होतं, आणि त्यावरून कुणी मला तोंडावर काही बोललंही नव्हतं. लपवण्यासारखं उरलं होतं ते फक्त गाव. कुडाचं घर, तेंदूपत्ता तोडायला जाणारी माय, गुडघाभर चिखलात धान रोवणारे बाबा. तेवढं मी लपवलं.

त्या हिवाळ्यात क्लबानं नेत्रशिबिरासाठी आनंदमेळा भरवला. शाळेच्या मैदानावर स्टॉल, बंदुकीनं फुगे फोडायचे, रेकॉर्डवर गाणी. मी सांबारवडीचा स्टॉल लावला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दुपारीच कढई रिकामी झाली. ठेकेदारांच्या बायका रांगेत उभ्या राहून खात होत्या, "मिसेस रामटेके, रेसिपी द्या हं," म्हणत होत्या. इतकी माणसं माझ्या भोवती लग्नानंतर पहिल्यांदाच जमली होती. आणि त्यातल्या एकालाही मी कुठून आले ते ठाऊक नव्हतं. मैदान रिकामं झाल्यावर मी नळाखाली कढई घासत बसले आणि मला रडू आलं. सबनीसबाईंना वाटलं, दमले. त्यांनी मला त्यांच्या गाडीतून घरी सोडलं.

पुढच्या सभेत शिबिराचं ठिकाण ठरलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "धानोऱ्याकडे घेऊ. तिकडे कुणी जात नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. धानोऱ्याहून आमचा कुसुमटोला दोन कोस.

घरी माझ्या कपाटात भावाची दोन पत्रं होती. सिद्धार्थ तेव्हा दहावीत होता. एका पत्रात लिहिलं होतं, "मायच्या डोऱ्यापुढे धुई येते." आमच्याकडे ळ चा र होतो, डोळे म्हणजे डोरे. दुसऱ्यात, "माय आता तांदूळ चाचपून निवडते." तेव्हा मला ती एसटीची खिडकी आठवली होती. मी उत्तर लिहिलं होतं की सवड झाली की मायला चंद्रपूरला आणून डोळे दाखवू. सवड मला दिवसभर होती. मायला क्वार्टरमध्ये आणायचं म्हणजे ती ओसरीवर बसणार, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणार, मग माझं नागपूर कुठे राहील, एवढाच प्रश्न होता. हे सुधाकरलाही मी सांगितलं नव्हतं.

शिबिराला मी नाही म्हणू शकले असते. पण नोंदवही माझ्याकडे होती, आणि सबनीसबाईंनी मला गृहीतच धरलं होतं. मनात म्हटलं, दोन कोस चालत माय कशाला येते.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. मी लिहायला, शेजारी सबनीसबाई चिठ्ठ्या द्यायला. रांग पार विहिरीपर्यंत गेली होती. माय मला पंधरा-वीस माणसं आधीच दिसली. रखमाबाई, आमची शेजारीण, पुढे आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून माय. पाय चाचपत टाकत होती. माझ्या लग्नात घेतलेलं हिरवं लुगडं नेसली होती. रखमाबाई स्वतःच जवळजवळ आंधळी, तिनं मला ओळखलं नाही. तिचं लिहून झालं. मग माय टेबलाशी आली.

मी उठायला हवं होतं. मी म्हणाले, "नाव सांगा."

माय जरा थांबली. मान किंचित वाकडी करून ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाली, "गिरजाबाई लहानू मेश्राम."

"गाव?"

"कुसुमटोला."

"सोबत कोण आहे? नातेवाईक?"

"कोनी नाई," माय म्हणाली. "कोनी नाई, असंच लिहा बाई."

मी लिहिलं. माझ्या त्याच सुंदर अक्षरात, 'कोणी नाही'. सबनीसबाईंनी तिच्या हातात चिठ्ठी दिली आणि तिचा हात धरून तिला आत नेऊन बसवलं.

ऑपरेशन शाळेच्याच एका वर्गात झालं. मग पाच दिवस पेशंट वर्गांच्या जमिनीवर, चटयांवर ओळीनं निजलेले. डोळ्यांना पट्ट्या. हलायचं नाही, खोकायचं नाही. आम्ही बायका शाळेतच मुक्कामाला होतो, सकाळ-दुपार पेज भरवायचो. मायची ओळ मी मागून घेतली. चमचा तोंडाशी नेला की ती तोंड उघडायची. ती बोलायची नाही, मीही नाही. बाकीच्यांशी मी बोलायची, "आजोबा, गरम आहे, सांभाळून" वगैरे. तिच्याजवळ आले की नुसता चमचा पुढे करायची. तिसऱ्या दिवशी पेज संपल्यावर तिनं माझं मनगट धरलं. क्षणभर बांगड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हात लय थंडे आहेत बाई तुमचे." आणि सोडून दिलं. मला माझ्या मायनं तुमचे म्हटलं.

ती ओळखत नाहीये, असं मी स्वतःला सांगत राहिले. ओळखत नसेल तर पाप अर्धंच.

पाचव्या दिवशी पट्ट्या काढायच्या होत्या. फोटोग्राफर आला होता, अध्यक्ष आले होते, प्रत्येकाला द्यायला संत्री आणली होती. डॉक्टर एकेकाची पट्टी काढत आणि जाड भिंगाचा चष्मा डोळ्यापुढे धरून विचारत, समोर काय दिसतं. कुणी म्हणे खिडकी, कुणी म्हणे माणूस, कुणी नुसतं हसे. मायची पाळी आली तेव्हा संत्र्यांची टोपली घेऊन समोर मीच उभी होते. डॉक्टरांनी चष्मा धरला.

"आजी, समोर कोण दिसतं?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. साडी, बांगड्या, पिन लावलेला पदर. तिचा चेहरा एकदा हलला आणि पुन्हा जागच्या जागी आला.

"क्लबाची बाई आहे," ती म्हणाली.

ती मला वाचवत होती. ते मला त्या क्षणी कळलं, आणि मग उभं राहवलं नाही. टोपली खाली ठेवली, तिच्यापुढे बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "माय, मी होय वो. कुंदा होय."

मायनं आधी डॉक्टरांकडे, मग सबनीसबाईंकडे बघण्याचा प्रयत्न केला, जणू परवानगी आहे का ते बघत होती. मग माझ्या गालावरून हात फिरवला. "सुकली वो तू," म्हणाली.

सबनीसबाई मला बाहेर घेऊन गेल्या. मला वाटलं, आता नागपूरचं विचारतील. त्यांनी ते विचारलंच नाही. एवढंच म्हणाल्या, "अगं, पाच दिवस तू आपल्या आईला फरशीवर झोपू दिलंस? माझी खाट होती की." ज्या खोट्याला मी दोन वर्षं जपलं, ते त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं. त्यांना लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती बरोबर होती. मी आत जाऊन नोंदवही उघडली, 'कोणी नाही' वर रेघ मारली आणि लिहिलं, मुलगी. रेघ मारलेलं खालून दिसतच होतं.

दुपारी व्हरांड्यात आम्ही दोघी बसलो. मी विचारलं, "तुले कवा समजलं?"

"आवाज तं पैल्याच दिवसी समजला."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू नाई बोलली म्हून," माय म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मी तो भोगून मोकळी झाले असते. "मले वाटलं, तुह्या नोकरीची काही अडचन असन."

माझी कसलीच नोकरी नव्हती. मी तिला तसं सांगितलं नाही.

जीप निघताना सबनीसबाई स्वतः तिला म्हणाल्या, "चला आमच्याबरोबर चंद्रपूरला, मुलीकडे महिनाभर राहा." माय हसली. "नोको बाई. घरी मले चाचपून सारं सापडते. तिथी दिसूनही काही सापडनार नाई." ती रखमाबाईबरोबर बैलगाडीत बसून गेली. मी जीपमधून गेले. गडचिरोली मागे पडल्यावर, वैनगंगेच्या पुलावर सबनीसबाई म्हणाल्या, "दर शिबिराला तूच टेबलावर बस. त्यांच्या भाषेत विचारत जा." मी तसं केलं. पुढची सहा-सात वर्षं, बदली होईपर्यंत, गोंडपिपरीपासून धानोऱ्यापर्यंत. म्हाताऱ्या माणसांना बरं वाटायचं. क्लबात कुणी मला अंतर दिलं नाही, कुणी जवळही आलं नाही. तंबोला तसाच चालू राहिला. माझ्याशी माझ्यासारखं बोलणारं घरात कुणी नव्हतं, ते नव्हतंच. सुधाकर अमरावतीकडचा, आणि तो तर कधीच पुस्तकासारखा बोलायला लागला होता.

माय त्यानंतर एकदाच आली, चष्म्याचा नंबर काढायला. चार दिवस राहिली. ओसरीवर बसली, सगळ्यांशी बोलली, आणि पाचव्या दिवशी "धान निंदाचं आहे" म्हणून निघून गेली. नऊ वर्षं तिनं त्या जाड भिंगातून जग पाहिलं. ती गेल्याचं कळून मी पोचले तेव्हा तिला नेलेलं होतं.

आता आम्ही नाशिकला असतो. वर्षातून एकदा मी कुसुमटोल्याला जाते. सिद्धार्थनं कुडाच्या जागी विटांचं घर बांधलं, तो शाळेत मास्तर आहे. लहानपणी माझ्या झिंज्या ओढणारा तो, आता मला "ताई, तुमी बसा" म्हणतो. तुमी कधी सुरू झालं ते त्यालाही सांगता येणार नाही. सगळे जेवायला खाली बसतात. माझ्यासाठी भावजय आतून खुर्ची आणते, फडक्यानं पुसते. मी एकदा खाली बसून पाहिलं. भाचरं बाजूला सरकली, भावजय अवघडली, सिद्धार्थ अर्धं ताट टाकून उठला आणि सतरंजी शोधायला लागला.

म्हणून मी खुर्चीवर बसते. तिथून सगळ्यांची डोकी दिसतात, पातेल्यातला भात दिसतो, ते एकमेकांना काय म्हणतात ते ऐकू येतं आणि सगळं समजतं. माझं घर आता एवढंच आहे, आणि वर्षभर मी त्याचीच वाट बघते.