काळा राजा

आमच्या बव्हेरियातल्या गावात सहा जानेवारीला मुलं, ताऱ्यामागून बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे बनून दारोदार गातात. त्यातला एक काळा. ऑटमार शिंप्याची आई गावचीच, पण बाप काळा अमेरिकन सैनिक. म्हणून लहानपणी दरवर्षी काळा राजा तोच. "याला काजळी फासायला नको," लोक खूश. त्याला मात्र काठीवरचा तारा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचं होतं.

काल मी कोट आणायला गेलो, तेव्हा चर्चच्या गेर्लिंडबाई दुकानात आल्या. "ऑटमारकाका, तोंडं रंगवणं आता बंद. अपमान होतो म्हणे. तुमच्या नातीला पाठवाल?"

नात बाहेर आली. गोरीपान, पिंगट केसांची. बाई हिरमुसल्या.

"मग... यंदा तुम्हीच याल?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंचाहत्तरीच्या ऑटमारने सुई खाली ठेवली.

"राजाचा झगा आणा," तो म्हणाला. "तोच जुना असेल ना? उसवून मोठा करतो."