गुरुजींची पोर पटावर नाही

कर्जत तालुक्यात कडावच्या अलीकडे आमचं गाव. गावात चौथीपर्यंतची एकशिक्षकी शाळा होती आणि तो एक शिक्षक म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे. मीही गुरुजीच म्हणायची, कारण ते घरातही बाप कमी आणि मास्तर जास्त होते. अशा या गुरुजींची एकुलती एक मुलगी शाळेत जात नव्हती.

कारण साधं होतं. मी तोतरी. पहिलीत धडा वाचायला उभी राहिले, पहिल्याच अक्षराला अडकले आणि वर्ग हसला. गुरुजींनी सगळ्या वर्गाला छड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तेव्हा त्यांनी मला घरीच बसवलं. त्यांना राग हसणाऱ्यांचा आला होता की माझा, हे मला आजही सांगता येणार नाही.

पण गुरुजी कायद्याला भिऊन असत. मूल शाळेत घातलं नाही तर नोटीस येते, हे गावाला बजावणारे तेच. म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर सायकल काढून ते कर्जतला गेले आणि पंचायत समितीत शिक्षणाचं काम बघणाऱ्या साहेबांना विचारून आले. आई भाकरी थापत होती, तिला त्यांनी तिथंच सगळं समजावलं. घरी शिकवणं गुन्हा नाही. मुलाला दुसऱ्या रीतीनं पुरेसं शिक्षण मिळतंय अशी साहेबांची खात्री पटली, की शाळेत न घालायला ते कारण चालतं. पुढं हायस्कुलात शाळा सोडल्याचा दाखला मागतील, तो नसला तर हेडमास्तर परीक्षा घेऊन वयाप्रमाणे वर्गात बसवू शकतात. तेही जमलं नाही तर मॅट्रिकला बाहेरून बसता येतं.

"कायद्याचं झालं," आई म्हणाली. "पोरीच्या बोलण्याचं काय?"

त्याला कलम नव्हतं. गुरुजी हातपाय धुवायला गेले.

दोन वर्षं मी घरी शिकले. गुरुजी सकाळी धडा देत आणि शाळेतून आले की घेत. सगळं घाईत. मी "भा" म्हणून अडकले की "भागाकार, बरोबर," म्हणत ते पुढच्या प्रश्नावर जात. साहेब एकदा येऊन पाटीवरची गणितं बघून, पोहे खाऊन, खात्री करून घेऊन गेले. मला हे घरी शिकणं फार आवडत होतं. कुणी हसत नव्हतं आणि बोलायचं कामही निम्मं गुरुजीच करत.

जूनमध्ये पट भरायला मास्तरांनी घरोघर हिंडायचं असतं. त्या वर्षी छत्री धरायला मी बरोबर होते. गावाच्या टोकाला एका काकूंच्या म्हशी होत्या. त्यांची पोर माझ्याच वयाची, तिचंही नाव पटावर नव्हतं. गुरुजींनी नोटिशीचं भय घातलं. काकू ढिम्म. मग त्यांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

"ही तुमची कंच्या शाळंत हाय, गुरुजी?"

"ती घरी शिकते. कायद्यात बसतं ते. साहेबांना विचारलंय."

"माजी बी घरीच शिकते. धार काढते, शेण भरते. सायबाला म्हनावं या बगायला."

गुरुजींनी हातातली वही मिटली.

"तुमी सोताची पोर शाळंत घालत नाय," काकू जरा मऊ होऊन म्हणाल्या, "तवा आमाला वाटतं, शाळंतच कायतरी खोट हाय. तुमची बसू द्या, माजी तिच्या बाजूला बसंल."

परतताना गुरुजी एवढंच म्हणाले, "उद्या शाळेत यायचं." मी रडले. माझ्या भीतीपेक्षा यांना पट मोठा, असं मला वाटलं आणि मी जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं, पण माझी बाजू घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी सुरू झाली. नवी नावं शेवटी होती. काकूंच्या पोरीनं म्हैस हाकावी तसं खणखणीत "हजर!" म्हटलं. मग माझं नाव आलं. मी उभी राहिले आणि "ह"लाच अडकले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. "गप रं," काकूंची पोर मागं वळून म्हणाली.

मी गुरुजींकडे पाहिलं. घरच्यासारखं उरलेलं तेच म्हणून टाकतील, अशी माझी खात्री होती. पण ते काही बोलले नाहीत. छडी भिंतीला टेकून होती, तिच्याकडेही त्यांचा हात गेला नाही. टाक शाईत बुडवून झाला होता. तो त्यांनी हातात तसाच धरला आणि माझ्याकडे बघत राहिले. शाईचा थेंब हजेरीपटावर पडला, तोही त्यांनी टिपला नाही.

"हजर" पूर्ण झालं, तेव्हाच त्यांनी माझी हजेरी मांडली. दोन वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून शेवटपर्यंत ऐकून घेतलेला तो पहिला शब्द.