गोळ्या बंद केल्या तेव्हा

मुलांनो, कुमुदवहिनी गेल्याचं तुम्हां दोघांना फोनवर सांगितलं. तेव्हा धाकटीनं विचारलं, "कशानं?" मी म्हटलं, "म्हातारपणानं." ते खरंच होतं... पण तिच्याबद्दल सांगायचं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इतक्या आठवड्यांनी लिहिते आहे.

कुमुदवहिनी माझी थोरली जाऊ. निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत तिची शाळा सुटली, ती सुटलीच. मी बी.एस्सी. होऊन त्या घरात आले आणि मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. सैपाकघर तिचं. भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या राहिल्या की नैवेद्याचं पुरण तीच घाटायची, सोवळ्यात. पाळी आलेली बाई त्या दिवशी मागच्या खोलीत बसायची, आणि हा नियम मोडू न देणारीही तीच. स्वतःची पाळी कायमची थांबली तेव्हा म्हणाली होती, "आता देवीपासून मला कुणी उठवणार नाही."

पण त्यानंतर अंगाची आग सुरू झाली. पोळ्या लाटताना मानेवरून घामाच्या धारा लागायच्या, झोप उडाली. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं. मी तिला समजावलं ते असं, की मेंदूखालची एक ग्रंथी बीजकोशांना हाका मारत असते. ते ओ देईनासे झाले की तिचा आवाज चढतो. बाईंनी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या, महिन्यातले काही दिवस जोडीला दुसरी गोळी. पोटातून घेतलेलं औषध आधी यकृतात जातं, तिथं त्याचं रूप बरंचसं बदलतं, मग ते अंगभर फिरतं. पुढच्या तपासणीत इस्ट्रोजेन वाढलेलं होतं आणि हाका मारणारं संप्रेरक खाली उतरलं होतं. रिपोर्ट राहू द्या, वहिनी झोपू लागली. गुलमंडीच्या बाजारात माझ्याबरोबर लुगडी बघत हिंडली. "लई वर्षांनी अंग माझं वाटतंय गं," म्हणाली.

महिन्याकाठी थोडा रक्तस्राव होईल, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. महालक्ष्म्या जवळ आल्या आणि वहिनीनं कुणाला न विचारता दोन्ही गोळ्या बंद केल्या. गोळ्यांनी येतं, तर गोळ्या थांबवल्या की येणार नाही, असं तिचं गणित. नेमकं उलटं झालं. संप्रेरकांची वाढलेली पातळी एकदम उतरली, गर्भाशयाचं अस्तर सुटून रक्तस्राव सुरू झाला, आणि नैवेद्याच्या सकाळी, डाळ शिजलेली असताना, ती सैपाकघरातून बाहेर आली ती मागच्या खोलीत जाऊन बसली.

मी तिच्या मागे गेले. हे औषधाचं आहे, बीजकोश केव्हाच थांबलेत, ही पाळीच नव्हे, असं सगळं सांगून पाहिलं.

"देवीला रिपोर्ट दाखवू का?" ती म्हणाली.

पुरण मी घाटलं. ते पातळ झालं, पोळ्या फुटल्या. तिनं मागच्या खोलीच्या दारातून पाहिलं.

गोळ्या तिनं पुन्हा घेतल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मी रागावले. आग परत आली, झोप परत गेली. पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांपुढे तीच होती, घामानं पदर ओला. त्याच दिवशी तिची नवी सून विद्या मागच्या खोलीकडे निघाली. वहिनीनं तिला हाक मारली. "आत ये. पोळ्या लाट." मग हळूच मला म्हणाली, "गोळीनं आलेलं अन् देवानं दिलेलं... मला तर काही फरक कळला नाही गं." त्या दिवसापासून मागच्या खोलीत कुणी बसलं नाही. स्वतःला मात्र तिनं ते सुख परत दिलं नाही. अर्ध्या झोपेची किती वर्षं काढली... आता कुणाला विचारू?

परवा वहिनीच्या घरी गेले होते. ओट्यासमोरच्या भिंतीला वहिनीनं हट्टानं पाडून घेतलेली खिडकी आहे, घाम आला की ती तिथं वाऱ्याकडे तोंड करून उभी राहायची. तिथं विद्या उभी होती, पदरानं मान पुसत. तिचीही पन्नाशी आली आहे.

"काकू, सासूबाईंच्या त्या गोळ्या अजून मिळतात का हो?"

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तुला चालतील का ते तेच सांगतील."

"महालक्ष्म्या झाल्या की जाऊ."

"उद्या," मी म्हटलं.