रिकामी फेरी

आसारामच्या डोक्यात एक खूळ आहे, असं काष्टीकडचे सगळे विहीर खोदणारे म्हणायचे. यारीवर त्याची सोळा वर्षं गेली होती. विहिरीच्या काठावरचं हे यंत्र माणसं आणि दगड एकाच लोखंडी डब्यातून खालीवर नेतं. मोटरीला दोन बटणं, एक वर, एक खाली. वेग मात्र सगळा आसारामच्या पायाखालच्या ब्रेकवर. डबा तो इतका अलगद टेकवायचा की आतल्याच्या हातातला चहा सांडू नये. पण लाईट जाऊन आली की गडी अडून बसायचा. आधी डबा रिकामा सोडून वर घेणार, मगच त्यात माणूस. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणावं, तर याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं.

त्या दिवशी वायरमन विजेची डीपी बदलून गेले आणि सकाळी गेलेली लाईट दुपारी आली. डबा साठ फूट खोल विहिरीच्या तोंडावर तसाच लटकत होता. आसारामचा मेहुणा अजिनाथ टुणकन त्यात चढला.

"सोडा लवकर, अर्धा दिस गेला," विहिरीचे मालक सुनीलराव घड्याळ बघत म्हणाले.

"आजिनाथ, उतर," आसाराम म्हणाला.

"दाजी, चार मान्सांत हसं करता व्हय?"

"उतर म्हन्तो ना."

अजिनाथ तणतणत उतरला. आसारामनं खाली सोडायचं बटण दाबलं आणि डबा वर निघाला, सरळ शेंड्यावरच्या कप्पीकडे. त्यानं बटण सोडून ब्रेकवर सगळा भार टाकला. कप्पी वीतभर राहिली तेव्हा डबा थांबला.

डीपीवर दोन वायरी अदलाबदल होऊन जोडल्या गेल्या होत्या. मोटर उलटी फिरत होती. डब्यात उभ्या माणसाचं डोकं थेट कप्पीवर आपटलं असतं.

आसाराम मटकन खाली बसला. त्याला हसू येत होतं. घरी बनुबाईला तिच्या भावाचं काय सांगायचं, हा प्रश्नच उरला नव्हता. त्या एवढ्याशा सुखानं त्याचे डोळे भरले.

मग लाईट बंद करून त्यानं स्टार्टरवरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. रिकामा डबा खाली गेला, वर आला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"चढ आता बिनघोर," तो म्हणाला.

अजिनाथ डब्याची कडा धरून नुसताच उभा राहिला.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "आजून एकदा रिकामा सोडा की."