राखीचे चौदा फोन

माझं तोंड कधी बंद नसतं, हे म्हसरूळपासून दिंडोरीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. सकाळी ऑफिसच्या गाडीत मी चढले की ड्रायव्हर रेडिओ बंद करतो, उगाच दोन स्टेशनं कशाला, म्हणतो. तेव्हा राखीबद्दल सांगायला मीच बसावं, हे जरा विचित्रच आहे. पण दुसरं कोण सांगणार? ती स्वतः सांगू शकली असती तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

आमची कंपनी द्राक्षं परदेशात पाठवते. ऑफिस दिंडोरी रोडला, मागे पॅकहाउस. मी तिथे अकरा वर्षं शेतकऱ्यांशी बोलायचं काम करते. तुमचा माल कधी तोडायचा, मजुरांची टोळी कधी येणार, गाडी कुठे उभी करायची, सगळं फोनवर. राखी पगारे तीन वर्षांपूर्वी आली. फुलेनगरची, एम.कॉम. झालेली, किडकिडीत, पर्समध्ये कायम दोन पेनं. पहिल्या दिवशी मी तिला नाव विचारलं. तिने तोंड उघडलं, नजर भिंतीकडे गेली, ओठ थरथरले आणि काहीच बाहेर आलं नाही. "अगं, नाव विसरलीस की काय घरी?" मी म्हटलं. सगळे हसले. तिने पर्समधून पेन काढून कागदावर नाव लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मला लाज वाटली. अर्धा तास वाटली, मग मी पुन्हा बोलायला लागले.

ती बोलताना अडायची. समोरासमोर निभावायचं. हाताने खूण करायची, डोळ्यांनी सांगायची, नाही तर मी तिचं वाक्य पुरं करायची. "टो..." म्हणाली की मी म्हणायची, "टोळी ना? सुरगाण्याची?" ती मान हलवायची. तिला ते आवडायचं नाही, हे मला फार उशिरा कळलं. फोनवर मात्र काही चालायचं नाही. शब्द घशात अडकायचा आणि पलीकडच्याला नुसती शांतता ऐकू यायची. आपल्याकडे फोनवर तीन सेकंद शांतता झाली की माणूस "हॅलो, हॅलो, आवाज येईना" करून ठेवून देतो आणि रेंजला शिव्या घालतो. पलीकडे कुणी एका शब्दासाठी जिवाचं रान करत असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. माझ्याही आलं नसतं.

पण लिहायला बसली की राखी वेगळीच बाई व्हायची. हॉलंडच्या खरेदीदाराला जाणारे सगळे मेल तीच लिहायची. चार ओळी, स्वच्छ, कुठे गुंता नाही. तुमचा मेल वाचला की परत प्रश्न विचारावा लागत नाही, असं त्या गोऱ्याने एकदा मुद्दाम कळवलं होतं. तेव्हाचे मॅनेजर ज्ञानेश सर होते. त्यांनी त्याची प्रिंट काढून फळ्यावर लावली. राखी दिवसभर त्या फळ्याजवळून उगाचच जा-ये करत होती.

गेल्या वर्षी ज्ञानेश सर नोकरी सोडून गेले आणि महेश सर आले. माणूस वाईट नाही. दिवाळीला सगळ्यांच्या घरी जाऊन फराळ खाऊन आला. पण एका शेतकऱ्याने "मला मेल आलाच नाय" म्हणून मोठं भांडण केलं आणि सरांनी नियमच काढला. शेतकऱ्याला मेल नाही, मेसेज नाही, फोनच करायचा. "मेल कोण वाचतो? आपला धंदा तोंडाचा आहे," ते म्हणाले. "बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही." सगळ्यांना शेतकरी वाटून दिले. राखीच्या वाट्याला वीस आले.

राखी तीन वर्षं तात्पुरतीच होती. एप्रिलमध्ये कायम करायचं पत्र निघणार होतं. सर तिला म्हणाले, "हंगामभर फोनवर बोलून दाखव, पत्र तुझंच. सवयीने जाईल ते अडखळणं." ती मान हलवून बाहेर आली आणि जिन्यात जाऊन बसली.

त्यातून मी मार्ग काढला. मला वाटलं, काय डोकं आहे माझं! राखीचे वीस फोन मी करायचे आणि माझे इंग्रजी मेल राखीने लिहायचे. रोज दुपारी ती चिठ्ठी सरकवायची, "ताई, एवढे तीन." मी पाच मिनिटांत तिन्ही फोन उरकायची आणि वर एखाद्याच्या सुनेचं बाळंतपण कसं झालं तेही विचारून घ्यायची. संध्याकाळपर्यंत माझे मेल तयार. "हर्षाली मॅडम, तुमचं इंग्रजी सुधारलं हं," सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. मी थँक्यू म्हटलं. राखी कॉम्प्युटरकडे बघत बसली होती.

तिचा फोन मला तीन वर्षांत एकदाच आला होता, तोही चुकून, पर्समधून लागलेला. दहा मिनिटं मी बसमधली गाणी ऐकली. पुढे वर्षभर मी तिला त्यावरून चिडवलं. राखीचा फोन म्हणजे पर्सचा फोन, असं आमच्यात ठरूनच गेलं होतं.

फेब्रुवारीतला गुरुवार. त्या दिवशी सात वाजता तीन प्लॉटवर तोडणी सुरू व्हायची होती. हॉलंडहून रात्री मेल आला होता की कंटेनर रद्द झाला आहे, आज माल तोडू नका, चार दिवसांनी कळवतो. वेलीवर चार दिवस माल राहिला तर काही बिघडत नाही. पण तोडलेला घड वेलीला परत लावता येत नाही. मेल राखीने साडेसहाला उठल्या उठल्या वाचला. तिची आई, शकुबाई, भाजी मार्केटला पहाटेच जाते, घरात दुसरं कुणी नाही.

दोन शेतकऱ्यांना तिने व्हॉट्सॲपवर लिहिलं. त्यांच्या मुलांनी लगेच वाचलं आणि तोडणी थांबली. तिसरे होते केरू अण्णा, वणीच्या अलीकडचे. साठीचे गृहस्थ, बटणांचा फोन, मेसेज कधी उघडत नाहीत. आणि ते राखीच्या विसांतले.

तिने त्यांना फोन लावला. तिला एवढंच म्हणायचं होतं, तोडणी थांबवा. अण्णांनी उचलला, हॅलो हॅलो केलं, ठेवून दिला. तिने परत लावला. नंबर तिचा स्वतःचा, अण्णांच्या ओळखीचा नाही. पाचव्या-सहाव्या फोनला अण्णांनी शिव्या घातल्या. मधे तिने महेश सरांना दोनदा लावून बघितला, त्यांचा आठपर्यंत बंदच असतो. आणि मला एक केला.

मी पोळ्या करत होते. हात पिठाचे, फोन ओट्यावर स्पीकरवर टाकला. "हां राखी, बोल," म्हटलं. काही नाही. नळाचं पाणी गळल्यासारखा आवाज, मग कुणीतरी श्वास घेतल्यासारखं. "अगं, पर्समधून लागलाय गं तुझा फोन! ठेव, माझी पोळी करपली," मी हसत म्हटलं आणि कोपराने फोन बंद केला. सात वाजायला दहा मिनिटं होती.

तिने लगेच मेसेजही टाकला होता. तो मी आठ वाजता गाडीत बसल्यावर वाचला. अण्णांचा फोन तोवर बंद. मी टोळीच्या मुकादमाला लावला आणि चाळीस सेकंदांत सगळं सांगून झालं. "ताई, निम्मा प्लॉट झाला ना," तो म्हणाला. "आता सांगता व्हय?"

राखी तोवर निमाणी स्टँडवरून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसून निघाली होती. वाटेत तिने ड्रायव्हरलाच फोन हातात दिला, लावून बघा म्हणून खूण केली. "बंद येतोय, ताई," त्याने सांगितलं. साडेआठला ती बांधावर पोहोचली तेव्हा निम्म्या प्लॉटचा माल कॅरेटमध्ये भरलेला होता आणि टोळी झाडाखाली बसून भाकरी खात होती.

हे मला केरू अण्णांनीच नंतर फोनवर सांगितलं. "ताई, मी चिडेलच व्हतो. पोरगी आली, काय बोलंना. कागद पुढं केला. त्याच्यावर लिव्हलं व्हतं, तोडणी थांबवा. तव्हा डोक्यात उजेड पडला, का सकाळचे ते मुके फोन हिचेच. मला वाटलं लोनवाले पिडायला लागले सकाळी सकाळी. लय घाण बोललो वो मी तिला. शेवटी फोनच बंद करून टाकला." मग म्हणाले, "माल जाईल इथल्या बाजारात, कसाबी. पण तिला पाणी दिलं त बी पिली नाय. तिला सांगा, मी रागावलो नाय."

माझ्या मनात एकच आकडा फिरत होता. सातला दहा कमी. मी गप्प राहून अजून अर्धं मिनिट ऐकलं असतं तर कात्री लागलीच नसती.

साडेअकराला सरांनी केबिनमध्ये बोलावलं, तिला आणि मला. "मेल साडेसहाला वाचलास. मग शेतकऱ्याला फोन का नाही केलास?" त्यांनी विचारलं.

राखीने आपला मोबाइल उघडून टेबलावर ठेवला. चौदा फोनांची यादी. सरांनी बोट फिरवलं. "सहा सेकंद, नऊ सेकंद, पाच सेकंद. याला फोन म्हणतात? दोन शब्द सांगायला वेळ तो किती लागतो?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. "बरं, तुला नाही जमलं, हर्षाली मॅडमना का नाही सांगितलंस? त्यांनी एका मिनिटात काम केलं असतं."

राखीने माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं. "के..." आणि शब्द अडला. मानेची शीर वर आली, डोळे भरले. तो शब्द मला माहीत होता. केला होता. तीन वर्षं मी या पोरीची वाक्यं तिला नको असताना पुरी केली. यादीतला माझ्या नावाचा फोन सरांचं बोट पोहोचलं नव्हतं तिथे, खाली होता, बावीस सेकंदांचा. मी बोलले असते तर चिठ्ठ्या निघाल्या असत्या, माझे मेल कोण लिहितं तेही निघालं असतं. अकरा वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा गप्प बसले.

"राहू दे," सर म्हणाले. "त्रास नको करून घेऊस." तिने फोन उचलला आणि बाहेर गेली. त्या दिवसानंतर तिने मला चिठ्ठी दिली नाही, माझे मेलही लिहिले नाहीत. एप्रिलमध्ये तिचं पत्र निघालं नाही. शेवटच्या दिवशी तिने टेबल पुसलं, दोन्ही पेनं पर्समध्ये टाकली आणि फळ्यावरची ती पिवळी पडलेली प्रिंट काढून घडी घालून नेली. मी डबा खायला बोलावलं तर मान हलवून नाही म्हणाली.

मी सरांना अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते. केबिनच्या दारापर्यंत जाते आणि दुसरंच काहीतरी विचारून परत येते. काय हे तोंड! जगाशी चालतं, तिथेच चालत नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी फोन वाजला. राखी. मी खोलीचं दार लावलं, पलंगावर बसले, उचलला. पलीकडे शांतता. मनाशी म्हटलं, हर्षाली, आज तोंड उघडायचं नाही. ती बोलेपर्यंत बसायचं, संध्याकाळ झाली तरी. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. तिचा श्वास ऐकू येत होता. मी मनात आकडे मोजायला लागले. अकरापर्यंत गेले असेन.

"राखी, रागावलीस ना गं माझ्यावर?" माझं सुटलंच. मग थांबता आलं नाही. सरांना सांगायला हवं होतं, मला भीती वाटली, अण्णा तुझी आठवण काढतात, कुठे लागलीस का, आई कशी आहे, सगळं. मधे एकदा तिचा "ह..." असा आवाज आला. "हो, हो, मीच, हर्षालीताई, बोल ना!" मी म्हटलं.

फोन बंद झाला होता. मी परत लावला, सहा वेळा लावला. तिने उचलला नाही. मेसेज केला, त्याला उत्तर आलं नाही. ती काय सांगणार होती, मला माहीत नाही.

मग मी फोनची यादी उघडून बघितली. राखी, चार मिनिटं अकरा सेकंद. त्यातली चार मिनिटं मीच बोलले होते.