अक्कांचा कासोटा

उज्जैनच्या माधवनगरात अहल्याबाईंना सगळे अक्का म्हणत. एकोणीसशे छप्पनच्या भाद्रपदात क्षिप्रेच्या घाटावर शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. डॉक्टर दत्तात्रयांनी एक्स-रे पाहिला. म्हणाले, "चिरफाड नको. हाड जागेवर आहे, आपोआप सांधेल." हात झोळीत बांधला गेला.

मुलगा सुधाकर सरकारी नोकर. नवं राज्य होत होतं, त्याची कचेरी भोपाळला हलणार होती. अक्कांना मात्र उज्जैन सोडायचं नव्हतं. गल्लीतल्या मुलींना त्या ओसरीवर लिहा-वाचायला शिकवत. ती ओसरी हेच त्यांचं राज्य.

"एकटी राहशील कशी?" सुधाकर म्हणाला. "लुगड्याचा कासोटा तरी खोचता येतो का तुला?"

नऊवारीचा कासोटा मागे खोचायचा तर हात पाठीमागे वळायला हवा. आता रोज सून प्रतिभा खोचून देई, आणि अक्का भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत.

"ज्या दिवशी माझी मी खोचीन, त्या दिवसापासून माझं बिऱ्हाड इथंच. कबूल?"

"कबूल."

आठवडा उलटला, ठणका उतरला, तशी डॉक्टरांनी झोळी सैल केली. "कमरेत वाका. हात नुसता लोंबू द्या, हळूहळू झुलवा."

सुधाकर घाबरला. "डॉक्टरसाहेब, हाड अजून जुडलं कुठं?"

"ते जुडेल हो. पण तोवर खांदा आखडून बसला तर? हलवायला उशीर नको, वजन उचलायला घाई नको. उचलायचं मी सांगेन तेव्हाच."

अक्का डावा हात कठड्याला टेकून वाकत. उजवा हात विहिरीत सोडलेल्या रिकाम्या कळशीसारखा संथ झुले.

शेजारची माणिक हसली. "अरे अक्का, ये क्या, हाथी की सूंड?"

"हो. जवळ येऊ नकोस, उचलून अंगणात फेकीन!"

दसरा गेला. बोटं भिंतीवरून वर चढू लागली; कधी वीतभर, कधी तेवढीही नाही. एका सकाळी भरलेली घागर पाहून अक्कांना राहवेना. उजवा हात काठाला लागलासुद्धा. मग त्यांनी तो मागे घेतला आणि माणिकला हाक मारली. जन्मात कुणाकडून पाणी न भरून घेतलेली बाई ती. मला त्यांची ही माघार फार मोठी वाटते.

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, "आता लावा जोर." अक्का पंचा पाठीमागे धरत आणि डाव्या हातानं उजव्याला वर ओढत. डोळ्यांत पाणी येई, तरी ओढत राहत.

मार्गशीर्षात सामान टांग्यावर चढलं. अक्कांची वळकटीही चढली. प्रतिभा कासोटा खोचायला आली, तर खोलीला आतून कडी.

"अक्का, उशीर होतोय."

"थांब."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. अक्का पाठमोऱ्या उभ्या होत्या. कासोटा जरा डावीकडे सरकलेला, पण घट्ट. तो नीट करायला प्रतिभाचा हात पुढे झाला आणि तसाच थांबला.

"अहो, इकडे या जरा!"

सुधाकर आला, बघत राहिला. "वाकडा आहे," तो म्हणाला.

"खोचलेला आहे," अक्का म्हणाल्या.

तो बाहेर गेला. टांगेवाल्याला म्हणाला, "भैया, वो बिस्तर नीचे उतारो."